कोंडाबाईंच्या भिंतीवरचा मी

बेल्जियममधल्या गेंट शहरातून निघालो तेव्हा माझ्या बॅगेत एक कॅमेरा, दोन लेन्स, एक तिपाई आणि मामीसाठी चार किलो चॉकलेट होतं, आणि डोक्यात एक भलामोठा गैरसमज होता. राणीसावरगावला सहा दिवस राहिलो की माणसांचे दहा फोटो सहज मिळून जातील, असा तो गैरसमज.

गेंटमध्ये मी एका बिस्किटांच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करतो. नऊ वर्षं झाली. रविवारी यंत्रं बंद असतात आणि घरात एकटा बसलो की मला माझाच कंटाळा येतो, म्हणून कॅमेरा घेऊन रस्त्यावर फिरायला लागलो. तिथे माणसाला नकळत टिपणं अगदी सोपं. कुणी कुणाकडे बघतच नाही. ट्रामची वाट बघत जांभई देणारी बाई, सायकलवर एकटाच हसणारा म्हातारा, असे कितीतरी चेहरे मी जमवले. हिवाळ्यात रस्ते ओस पडतात, तेव्हा मी स्वतःचेच फोटो काढतो. दुकानाच्या काचेत, लिफ्टच्या आरशात, टोपी खाली ओढून, अर्धा चेहरा अंधारात ठेवून. आमच्या फोटो-मंडळाच्या सेक्रेटरीबाईंना त्या अंधारात एकटेपणा दिसतो. खरं कारण माझे कान आहेत. ते डोक्याशी भांडण झाल्यासारखे दोन्ही बाजूंना लांब उभे आहेत आणि शाळेपासून मी ते लपवत आलो आहे.

मंडळाचं वसंतातलं प्रदर्शन जवळ आलं. विषय ठरला ‘नकळत’. बाई म्हणाल्या, यंदा तुझ्या गावची माणसं दाखव. मी हो म्हणून मोकळा झालो. राणीसावरगाव तसं माझं नाही, मामाचं. पण लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिथे गेल्या, आणि परदेशात राहणाऱ्या माणसाला कुठलं तरी एक गाव आपलं म्हणावंच लागतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी परभणी स्टेशनवर उतरलो. गंगाखेडच्या एसटीला वेळ होता, म्हणून बसस्टँडसमोर चहा घ्यायला थांबलो. समोर एक आजोबा बशीत चहा ओतून फुंकत होते. तिरपं ऊन, चहाची वाफ, डोक्याला गुलाबी रुमाल. पहिला फोटो आयता मिळाला म्हणून मी कॅमेरा उचलला. आजोबांनी बशी खाली ठेवली. रुमाल सोडून पुन्हा बांधला. सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण लावलं, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि श्वास रोखला.

“काढा,” ते ओठ न हलवता म्हणाले.

“आजोबा, चहा पीत राहा ना. मी नाहीच असं समजा.”

“चहा पितानी कुटं फोटू काढतेत का? कून्च्या पेपरला येणार हाय?”

“पेपरला नाही. परदेशात लावणार आहे.”

“मंग थांबा जरा,” असं म्हणून त्यांनी पलीकडच्या बाकावरून भाऊ आणि व्याह्यांना हाक मारली. शेवटी मला मिळालं ते जन-गण-मन चालू असल्यासारखं उभं असलेल्या तीन माणसांचं चित्र. चहा मागे निवत होता.

गंगाखेडला गोदावरीचा पूल ओलांडला आणि तिथून काळी-पिवळी जीप धरली. जीपमध्ये आम्ही चौदा जण होतो आणि शिवाय वांग्यांचं एक पोतं. दोन्ही बाजूंना ज्वारी कापणीला आली होती. मी खिडकीतून कॅमेरा काढायला गेलो, तर लेन्सचं झाकण वांग्यांत पडलं. ते शोधायला चार जणांनी हात घातले, पण मिळालं नाही. कुणाच्या तरी भाजीत गेलं असणार. ड्रायव्हरने मात्र गाडी बाजूला घेतली, खाली उतरून बोनेटला टेकला आणि म्हणाला, “नंबरप्लेट यिऊ द्या बरं का फोटोत.” तेराही प्रवासी तोपर्यंत त्याच्या मागे ओळीने उभे राहिले होते. म्हातारी माणसं पुढे, उंच मागे, सगळं कुणी न सांगता.

मामीने ज्वारीच्या भाकरी आणि येसराची (भाजलेल्या डाळी-मसाल्यांच्या पुडीची) आमटी केली होती. नऊ वर्षं बिस्किटांच्या वासात काढलेल्या माणसाला ती आमटी काय वाटते ते लिहून सांगता येणार नाही. मी पाच भाकरी खाल्ल्या. बबनमामा समोर बसून मोजत होते आणि समाधानाने मान हलवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत निघालो. पहिल्याच दाराशी एक वहिनी भांडी घासत होत्या. मी लेन्स वळवली, तशा त्या आत पळाल्या. पाच मिनिटांनी बाहेर आल्या त्या नवी साडी नेसून, हातात आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक घेऊन. “हिकडं या सायेब,” म्हणाल्या आणि मला घराच्या मागे घेऊन गेल्या. तिथे त्या संडासाच्या दाराला हात लावून ताठ उभ्या राहिल्या. गावात बाहेरचा माणूस कॅमेरा घेऊन आला की तो सरकारी योजनेचाच असतो, आणि योजनेचा फोटो लाभार्थ्यासकट काढायचा असतो, एवढं सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “हौ, हौ. पर दाराचा रंग यिऊ द्या, परवाच दिलाय.”

दुपारपर्यंत माझ्याकडे संडासाशेजारी उभे असलेल्या अकरा कुटुंबांचे फोटो झाले होते. बाराव्या घरी संडासच नव्हता, तर त्यांनी शेजाऱ्याच्या संडासाजवळ फोटो मागितला आणि त्यावरून दोन घरांत कडाक्याचं भांडण जुंपलं. मामांना येऊन ते मिटवावं लागलं.

तिसऱ्या दिवशी मी चोरून फोटो काढायचं ठरवलं. कॅमेरा कमरेशी लोंबकळत ठेवायचा आणि न बघता बटण दाबायचं. बाजाराचा दिवस होता, गर्दी होती. घरी येऊन पाहिलं तर पायांचे सदुसष्ट फोटो आले होते आणि एका शेळीचा, ती मात्र थेट लेन्समध्ये बघत होती. या गावात शेळीलाही कळत होतं. मी ओसरीवर डोक्याला हात लावून बसलो. सेक्रेटरीबाईंना काय तोंड दाखवायचं ते सुचेना.

तेवढ्यात अंगणात एक म्हातारी येऊन उभी राहिली. उंच, काटक, हातात काठी. या कोंडाबाई. गावाच्या वेशीजवळ यांचं घर, मेंढरं राखणारं. मुलगा आणि सून मेंढरं घेऊन कायम फिरतीवर, घरात या आणि नात पूजा. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कॅमेऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघणारं गावातलं हे पहिलं माणूस.

“टोपी काड,” त्या म्हणाल्या.

मी काढली.

“तिकडं बघ.” त्यांनी माझी हनुवटी धरून डोकं फिरवलं, जत्रेत बैल घेताना फिरवतात तसं. मग मामांना म्हणाल्या, “बबन, कान बघितलास का ह्येचे?”

अडतीस वर्षं लपवलेली गोष्ट अशी भर अंगणात निघाली. मामा गडबडून म्हणाले, “लहानपणापासून हायेत ते.”

“हेच की. नाकबी तसंच हाय. आमच्या मालकाचं तोंड हाय ह्ये.”

मग त्या ओसरीवर टेकल्या आणि सगळं सांगितलं. त्यांचे यजमान मारोतराव जाऊन वीस-बावीस वर्षं झाली. जन्मात त्यांचा फोटो म्हणून एकच होता, मतदानाच्या ओळखपत्रावर.

“मग तो मोठा करून घ्यायचा,” मी म्हणालो.

“शेळीनं खाल्लं ते.”

मला बाजारातली शेळी आठवली. पंधरा दिवसांनी पूजाचं लग्न होतं. नवरा-नवरी जोडीने घरच्या थोरांच्या फोटोला नमस्कार करतात, आणि यांच्या भिंतीवर खिळा होता, फोटो नव्हता. गंगाखेडच्या स्टुडिओवाल्या करीमचाचांकडे असले फोटो जोडून मिळतात, फक्त तोंड आणून द्यावं लागतं. तोंड कोंडाबाईंना आत्ता सापडलं होतं. मी मारोतरावांचा पोशाख घालून स्वतःचा फोटो काढायचा, चाचा त्याला मिशा लावतील आणि शेजारी कोंडाबाईंना बसवतील.

मामी आतून तरातरा बाहेर आली. “जित्या माणसाच्या फोटूला हार घालतेत का? आवक्ष कमी व्हतंय ह्येचं.”

“फोटू तेचा न्हाईच. फोटू माझ्या मालकाचा हाय. फकस्त तोंड ह्येचं.”

“तोंडालाच तर हार बसणार.”

मी विज्ञानाचा माणूस. पण आपल्याच फोटोला चंदनाचा हार पडणार म्हटल्यावर विज्ञान जरा मागे सरकलं. विचार करून सांगतो, असं म्हणून मी वेळ मारून न्यायला बघितलं. कोंडाबाई उठल्या. काठी घेतली आणि जाता जाता, कुणाला उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या, “लगीन तर हुईलच बाबा, फोटूबिगर. पर मलाच तेंचं तोंड इसरायलंय. आवाज ध्येनात हाय, खोकला ध्येनात हाय. डोळे मिटले की घोंगडी दिसती आन् वर तोंडच न्हाई.”

माझी आई जाऊन तीन वर्षं झाली, आणि तिचे दोनशे फोटो माझ्या फोनमध्ये असूनही मला कधीकधी तिचं तोंड आठवत नाही. मी मामीला म्हणालो, आयुष्य कमी झालं तर झालं, थोडंसंच होईल. मामीने लगेच मीठ-मोहऱ्या ओवाळून माझी दृष्ट काढली आणि मग स्वतःच मामांचं धोतर शोधायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सगळा थाट मांडला. धोतर, फेटा, घोंगडी, हातात काठी. तिपाईवर कॅमेरा, दहा सेकंदांचा टायमर. बटण दाबून मी बाजेकडे धावलो आणि सातव्या सेकंदाला धोतर सुटलं. पहिला फोटो कुणालाही दाखवण्यासारखा नाही. मामांनी धोतराला दोरी बांधून दिली, आणि मी कॅमेरा दर अर्ध्या मिनिटाला आपोआप फोटो काढेल असा लावला. दुसऱ्यात मी बसलो, कोंडाबाईंनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं आणि मान हलवली. “ह्यो तर तूच हायस.”

“हसू का थोडा?”

“हसायला काय झालतं तेन्ला?”

असे पंधरा-वीस फोटो झाले. प्रत्येक वेळी त्या नाही म्हणायच्या, आणि काय नाही ते सांगताना काय होतं ते त्यांना सापडत जायचं. “येवढं ताठ न्हवते बसत. घोंगडी डाव्या खांद्यावर... न्हाई, खाली घसरू दे, खांदा पडका व्हता. बाभळीवरून पडलते.” मग, “मान हिकडं. डाव्या कानानं कमी यायचं, म्हणून उजवा कान पुढं करायचे.” मी कान पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदा, कॅमेऱ्यासमोर.

“आन् कॅमेऱ्यात बघू नको. कुणाकडं बघायचे ते? मेंढराकडं बघायचे. सांजच्याला मोजायचे.”

“मोजतो,” मी म्हणालो, आणि समोरच्या कोऱ्या अंगणात नसलेली मेंढरं मनातल्या मनात मोजायला लागलो.

“ओठ हालव,” कोंडाबाई म्हणाल्या. “मोजतानी ओठ हालायचे तेंचे.” मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “बाई, ह्ये तर मी पार इसरलेच व्हते.”

त्या भिंतीला धरून खाली बसल्या. मला थांबावं की नाही कळेना, म्हणून मी मोजत राहिलो. एकतीसपर्यंत गेलो तेव्हा कॅमेऱ्याचा आवाज झाला. कोंडाबाईंनी पडदा बघितला, पदराला हात पुसला आणि एका बोटाने पडद्याला हळूच स्पर्श केला.

“आले जरासे,” त्या म्हणाल्या.

दुपारी जीप करून आम्ही गंगाखेडला गेलो. करीमचाचांच्या स्टुडिओच्या भिंतींवर कडेकडेने फ्रेम होत्या आणि बहुतेक सगळी माणसं ओळखीच्या तपकिरी कोटात होती. चाचांनी कॉम्प्युटर उघडला. “कोट कून्चा लावू? तपकिरी हाय, निळा हाय.”

“तेन्ला कोट नको. जल्मात घातला न्हाई,” कोंडाबाई म्हणाल्या.

“जल्मात कून घालतंय? समदे मेल्यावरच घालतेत. आख्खा तालुका ह्याच चार कोटात बसलाय. बरं, मागं डोंगर टाकू का बर्फाचा? लय चलतंय सध्या.”

“बर्फात मेंढरं मरतेत.”

चाचांनी माझ्याकडे मदतीसाठी बघितलं. मी कोंडाबाईंकडे बोट दाखवलं. मागे साधी पांढरी भिंत ठरली. मिशा चाचांनी दुसऱ्या कुणाच्या तरी फोटोतून काढून मला लावल्या, त्या मला फार शोभल्या. मग कोंडाबाईंचा स्वतःचा फोटो काढायची वेळ आली. मी म्हणालो, तुम्हीही तसंच सहज बसा, कॅमेऱ्याकडे नका बघू. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, हात मांडीवर ठेवले, डोळे वटारले आणि श्वास रोखला. “मी जिती हाय,” त्या ओठ न हलवता म्हणाल्या. “मला ताठच बसायचंय.”

फ्रेम दोन दिवसांनी मिळाली. एका बाजूला ताठ बसलेल्या कोंडाबाई आणि शेजारी घोंगडीतला एक म्हातारा, पडक्या खांद्याचा, कुठेतरी लांब बघणारा, ओठ किंचित उघडे. तो मी आहे हे मलाही पटकन कळलं नाही. पूजाने खिळ्यावर फ्रेम लावली, हार घातला. मामीने माझ्या हातात गुपचूप एक लिंबू दिलं. दुसऱ्या दिवशी मी परतीची जीप धरली.

लग्न मी गेंटमधून फोनवर पाहिलं. कारखान्यातच होतो, डोक्याला केस झाकायची जाळी होती आणि मागे बिस्किटांचा पट्टा सरकत होता. नवरा-नवरी भिंतीपाशी आले आणि त्यांनी वाकून मला नमस्कार केला. माझा हात आपोआप वर गेला. शेजारचा पोलिश सहकारी कुणाला हात केलास म्हणून विचारू लागला.

प्रदर्शनात संडासवाली अकरा कुटुंबं लावायची माझी तयारी होती. पण सेक्रेटरीबाईंच्या हाती अंगणातला तो फोटो लागला, मिशा नसलेला. तो त्यांनी मधल्या भिंतीवर लावला आणि आलेल्या प्रत्येकाला सांगत होत्या, बघा, या माणसाला कॅमेऱ्याचा पत्ताच नाही. मी त्यांच्या शेजारी उभा होतो, टोपी घालून. कोण आहेत हे, असं कुणीतरी विचारलं. कोंडाबाईंचे यजमान, मी सांगितलं, आणि सांगताना ते मला खोटं वाटलं नाही. नऊ वर्षं मी स्वतःला काचांतून शोधत फिरलो आणि सापडलो तो दुसऱ्याला मोजायला बसल्यावर, असं काहीसं तेव्हा मनात आलं. पण हे असले विचार गेंटला फार सुचतात, तिथे दुसरं करायला काही नसतं.

खरं ते पावसाळ्यानंतर कळलं. दिवाळीला येतोय हे सांगायला मी मामांना फोन केला. कोंडाबाई तिथेच ओसरीवर होत्या. त्यांनी फोन मागून घेतला.

“येयलास म्हणं?”

“हो, पंधरा दिवस. तुमच्याकडेही येतो. पूजा असेल ना माहेरी?”

त्या म्हणाल्या, “गावात ये. मामाकडं ऱ्हा. पर आमच्या घरला नको येऊ बाबा.”

माझं काही चुकलं का, मी विचारलं.

“तुझं काय चुकायचं. रोज सांजच्याला दिवा लावते, बोलते. पैले पैले तूच दिसायचास. चार म्हैने लागले. आता कुटं त्ये तेंचं तोंड झालंय. तू समोर आलास तर परत तुझं व्हईल.”

“बरं,” मी म्हणालो. “नाही येत.”

“जेवलास का?” त्यांनी विचारलं.